मागच्या पडद्यावरची नदी फिकी का पडली

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. धरणात गेलेल्या गावावरचं दोन अंकी नाटक, हौशी संस्था, राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचंय. मागच्या पडद्यावर नदी वाहते आणि अधूनमधून आजीने लिहिलेली पत्रं उमटतात. त्यासाठी ५००० लुमेनचा (लुमेन म्हणजे प्रोजेक्टरमधून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप) प्रोजेक्टर भाड्याने आणून बाल्कनीच्या कठड्यावर ठेवला आणि लॅपटॉपवरून व्हिडिओ सोडले. तालमीच्या खोलीत झकास दिसणारी नदी प्रयोगात धुवट झाली. नटांच्या डोक्यांच्या सावल्या पाण्यात तरंगत होत्या. नदी मध्येच अडखळायची, ब्लॅकआउटमध्ये मागे करडा चौकोन तसाच दिसत राहायचा, आणि दुसऱ्या अंकात एकदा अख्खा डेस्कटॉप प्रेक्षकांना दिसला. आता तुम्ही विचारताय की दुप्पट ताकदीचा प्रोजेक्टर आणावा की सरळ एलईडी वॉल लावावी, आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं.

माझं उत्तर: प्रोजेक्टर आणि वॉल, दोन्ही नको. आहे तोच प्रोजेक्टर ठेवा आणि खर्च करायचाच असेल तर थोडं कापड, चार बार्नडोअर (दिव्याचा झोत अडवणारी पत्र्याची झाकणं) आणि प्रकाशयोजनाकारासोबतची एक अख्खी रात्र यांवर करा. का, ते सांगतो. उत्तर लांबेल, कारण फिकेपणाचा मुद्दा नीट समजला तर बाकीचं निम्मं आपोआप सुटतं.

प्रोजेक्टर हा दिवा आहे. महागडा, लेन्सवाला, हट्टी दिवा, पण दिवाच. आपल्याकडे होतं काय, की व्हिडिओ करणारा मुलगा वेगळा, लाइट्सवाला वेगळा, आणि दोघांची पहिली भेट प्रयोगाच्या दिवशी दुपारी रंगमंचावर. मग एकाच पडद्यावर दोघं उजेड ओततात आणि ज्याचा उजेड जास्त तो जिंकतो. प्रोजेक्टर नेहमी हरतो, कारण तो काळा रंग फेकू शकत नाही. चित्रात जिथे काळं दिसायला हवं तिथे तो फक्त कमी उजेड टाकतो. तिथला खरा काळेपणा पडद्याचा असतो. पडद्यावर समोरच्या दिव्यांचा उजेड सांडला की चित्रातलं काळं गेलं, आणि काळं गेलं की नदी गेली.

जरा आकडे मांडू. तुमचं चित्र ५ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच आहे असं धरू. क्षेत्रफळ १४ चौरस मीटर. ५००० भागिले १४, म्हणजे पांढऱ्या भागावर साधारण ३५७ लक्स (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन). आता नटांना उजळणाऱ्या दिव्यांतला १०० लक्स उजेड मागे पडद्यावर सांडतोय. बाल्कनीतून सपाट कोनात ‘पार’ (साधे, पसरट झोताचे दिवे) लावले असतील तर एवढा सहज सांडतो. मग चित्रातलं पांढरं ४५७ लक्स आणि काळं १००. प्रमाण साडेचारास एक. डोळ्याला हे धुवटच दिसणार. तुम्ही दुप्पट पैसे मोजून १०,००० लुमेनचा प्रोजेक्टर आणलात तर पांढरं ८१४ आणि काळं पुन्हा १००. प्रमाण आठास एक. सुधारलं, पण नदी अजून डबक्यासारखीच. आता जुनाच प्रोजेक्टर ठेवा आणि सांडणारा उजेड २० लक्सवर आणा. पांढरं ३७७, काळं २०, प्रमाण जवळजवळ एकोणीसास एक. फुकटात चौपट.

यात एक मेख आहे. भाड्याच्या प्रोजेक्टरवर लिहिलेले लुमेन नव्या दिव्याचे असतात. दिव्याचं आयुष्य म्हणून जे तास छापलेले असतात ते साधारणपणे उजेड निम्म्यावर येईपर्यंतचे. लग्नाच्या आणि सेमिनारच्या हंगामातून आलेला प्रोजेक्टर ३०००च्या आसपास उजेड देत असला तर नवल मानू नका. मेनूमध्ये दिव्याचे तास बघा आणि ‘इको’ मोड बंद आहे ना तेही. शिवाय ‘डायनॅमिक’ नावाचा रंगमोड असेल तर त्यात उजेड जास्त पण रंग हिरवट असतो. नटांचे चेहरे शेजारी असताना ते हिरवं पाणी शेवाळलेलं दिसतं, तेव्हा मी तो टाळतो.

सांडणारा उजेड कमी कसा करायचा? पहिली गोष्ट, नट पडद्यापासून दूर. दोन मीटर अंतर हे माझं किमान. पडद्याला टेकून संवाद म्हणणारं पात्र दिसलं की मी दिग्दर्शकाच्या कानाला लागतो. दुसरी गोष्ट कोनाची. समोरचा दिवा ४५ अंशांतून येत असेल, तर १.७ मीटर उंचीच्या माणसाच्या डोक्यावरून निसटलेला उजेड त्याच्या मागे १.७ मीटरवर जमिनीला लागतो, पडद्यापर्यंत पोचतच नाही. तोच दिवा बाल्कनीच्या कडेवरून २० अंशांतून येत असेल तर साडेचार मीटरपेक्षाही मागे जातो. तुमच्याकडे मागे तेवढी खोली नाही, म्हणजे तो थेट नदीत. म्हणून प्रोजेक्शनच्या प्रवेशांत समोरून कमीत कमी, विंगांमधून बाजूचा उजेड जास्त, आणि थोडा डोक्यावरून. बाजूचा उजेड समोरच्या विंगेत जाऊन विरतो, पडद्याला शिवत नाही. चेहरे थोडे शिल्पासारखे दिसतात, आणि या नाटकाला ते शोभेल असं मला वाटतं. समोरच्या दिव्यांत प्रोफाइल स्पॉट (झोताची कड कापता येणारे दिवे) असतील तर त्यांच्या शटरने डोक्याच्या वरचा उजेड कापा. पार असतील तर बार्नडोअर लावा, नसतील तर काळ्या फॉइलचं गुंडाळं करा. आणि जमिनीकडे बघायला विसरू नका. फिकट जाजम किंवा चकचकीत पॉलिश केलेलं लाकूड वरून पडणारा सगळा उजेड उचलून पडद्यावर फेकतं. काळं, मॅट जाजम अंथरलं तेव्हा चित्र चटकन गडद झालेलं मी स्वतः पाहिलंय, बाकी काहीही न बदलता.

मोजायला लक्समीटर हवाच असं नाही. फोनवरचं अॅप खरा आकडा देईलच असं नाही, पण आधी आणि नंतरचा फरक दाखवतं. प्रोजेक्टर बंद ठेवायचा, प्रवेशाचे दिवे लावायचे, फोन पडद्याला टेकवून सेन्सर प्रेक्षागृहाकडे करायचा. मग एकेक दिवा विझवत जायचं. कोणता चोर आहे ते पाच मिनिटांत कळतं. बहुतेक वेळा एकच दिवा निघतो, आणि तोही कुणीतरी ‘चेहरा जरा दिसू दे’ म्हणून शेवटच्या क्षणी वाढवलेला.

जाता जाता एक आठवण करून देतो. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रपट्ट्या, कंदिलाचा उजेड, सोबत निवेदन. आजच्या मानाने तो उजेड किती असणार? तरी लोक खिळून बसत, कारण सभागृह अंधारं होतं. अंधाराची किंमत त्यांना नेमकी कळली होती. जिवंत नट आणि फिल्म यांची मोट बांधायची म्हटली की अडचण सुरू होते. जर्मन दिग्दर्शक एर्विन पिस्काटरने बर्लिनमध्ये १९२०च्या दशकात ती अंगावर घेतली. चेक नेपथ्यकार योसेफ स्वोबोदाने दिग्दर्शक आल्फ्रेड रादोकसोबत १९५८च्या ब्रसेल्स जागतिक प्रदर्शनात ‘लातेर्ना मागिका’ केलं तेव्हाही पडदे कुठे, नर्तक कुठे आणि उजेड कुठून हा हिशोब आधी होता. आपण सॉफ्टवेअर आधी उघडतो.

आता सावल्या. हा नुसता भूमितीचा मामला आहे, आणि कागदावर पाच मिनिटांत सुटतो. प्रोजेक्टरच्या लेन्सपासून चित्राच्या खालच्या कडेपर्यंत एक दोरी ताणली आहे असं समजा. ती दोरी नटाच्या डोक्यावरून गेली पाहिजे. समजा चित्राची खालची कड रंगमंचापासून १.२ मीटरवर आहे, लेन्स ४.३ मीटर उंचीवर, आणि नट पडद्यापासून दीड मीटरवर. प्रोजेक्टर बाल्कनीत, पडद्यापासून १८ मीटर दूर असेल, तर नटाच्या जागी दोरीची उंची येते १.२ अधिक ३.१ गुणिले १.५ भागिले १८, म्हणजे जेमतेम १.४६ मीटर. नटाची हनुवटी! डोकं पूर्ण पाण्यात. तोच प्रोजेक्टर त्याच उंचीवर, पण रंगमंचावरच्या बॅटनला (दिवे टांगायच्या आडव्या नळीला), पडद्यापासून ५ मीटरवर टांगला, तर दोरी नटाच्या जागी २.१३ मीटरवरून जाते. सहा फुटी नट हात वर न करता आरामात खालून फिरेल.

फक्त ५ मीटरवरून ५ मीटर रुंद चित्र पडायला हवं तर थ्रो रेशो १ असलेली लेन्स लागेल. अंतर भागिले चित्राची रुंदी, एवढंच ते गणित. भाड्याने मिळणारे साधे प्रोजेक्टर बहुधा दीडच्या आसपास असतात, म्हणजे त्यांना साडेसात मीटर हवेत. भाडेवाल्याशी बोलताना लुमेनच्या आधी हा आकडा विचारा. त्याला माहीत नसेल तर मॉडेल नंबर घ्या आणि कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. टांगताना प्रोजेक्टर उलटा टांगायचा आणि मेनूत ‘सीलिंग’ निवडायचं, कारण टेबलावर ठेवलेला प्रोजेक्टर चित्र वर फेकतो, उलटा केला की खाली. लेन्स शिफ्ट (प्रोजेक्टर न हलवता चित्र सरकवायची सोय) असेल तर तीच वापरा. कीस्टोन शक्यतो नको. तिरकं चित्र सरळ दिसावं म्हणून कीस्टोन पिक्सेलच कापतो, आणि कापलेल्या जागी करडा त्रिकोण उरतो. टांगलेल्या प्रोजेक्टरला क्लॅम्पशिवाय वेगळी साखळी हवीच, खाली माणसं उभी असतात.

बॅटनचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट ठळक अक्षरांत वाचा. बॅटनवरचं सॉकेट बहुतेक नाट्यगृहांत डिमरचं, म्हणजे दिवे मंद-तेज करणाऱ्या यंत्राचं असतं. त्यात प्रोजेक्टर खुपसायचा नाही, ‘शंभर टक्क्यांवर ठेवतो हो’ असं कुणी कितीही म्हटलं तरी. डिमर विजेची लाट कापून पाठवतो, आणि प्रोजेक्टरच्या आतल्या पुरवठ्याला ते सहन होत नाही. एका जिल्ह्याच्या गावी माझ्या डोळ्यांदेखत असा एक प्रोजेक्टर गेला. दुपारी चारला आवाज झाला, रात्री साडेआठचा प्रयोग. मालकाला भरपाई देता देता पुढचे तीन प्रयोग फुकट गेले. थेट पुरवठ्याची वेगळी वायर ओढा, सोबत यूपीएस असला तर उत्तम, कारण दिव्याचा प्रोजेक्टर क्षणभर वीज गेली तरी बंद पडतो आणि थंड झाल्याशिवाय पेटत नाही. लेझरवाल्यांना ही अडचण कमी.

आणि बाल्कनीचा कठडा सोडाच. आमच्या एका नाटकात पडद्यावर वाडा होता. पहिल्या अंकात एक गृहस्थ उशिरा आले आणि बाल्कनीतल्या लाकडी पायऱ्यांवरून धाडधाड खाली उतरले. वाडा असा हलला की खालच्या रांगेतल्या एका बाईंनी भूकंप म्हणून शेजारणीचा हात धरला. मध्यंतरात लोक ‘इफेक्ट छान होता’ म्हणून सांगायला आले.

करडा चौकोन. तुमची फाइल काळी आहे, तरी प्रोजेक्टर थोडा उजेड गाळतोच. काळोखात सरावलेल्या डोळ्याला तेवढाही पुरतो, आणि पुढचा सेट बदलताना मुलं त्या उजेडात स्पष्ट दिसतात. यावर सॉफ्टवेअरमध्ये उपाय नाही. उजेड लेन्ससमोरच अडवावा लागतो. काही प्रोजेक्टरना लेन्ससमोर सरकणारं झाकण असतं, काहींना आतमध्ये यांत्रिक शटर असतं. बाकीच्यांत ‘म्यूट’चं बटण दाबलं तरी काळी प्रतिमाच जाते, त्याला फसू नका. यांत्रिक शटर असेल आणि प्रोजेक्टर नेटवर्कला जोडता येत असेल तर पीजेलिंकची (प्रोजेक्टरना नेटवर्कवरून आज्ञा द्यायची ठरलेली पद्धत) आज्ञा पाठवून तो दुरून उघडबंद करता येतो. नाहीतर छोटी सर्वो मोटर, ती चालवायला आर्डुइनोचा छोटा सर्किट बोर्ड आणि काळ्या गत्त्याची झडप. तेही नसेल तर दोरी आणि कप्पी. आमच्या एका नाटकाचे साठेक प्रयोग एका मुलाने लेन्सशेजारी बसून हातातल्या काळ्या पुठ्ठ्यावर काढले, आणि त्याच्याइतकं मऊ फेड मला अजून कुठल्या मोटरने दिलेलं नाही. तो पुठ्ठा लेन्सला चिकटवून धरायचा नाही, चार बोटं पुढे धरायचा. जवळ असला की कड धूसर पडते आणि चित्र विरघळल्यासारखं जातं, पण अगदी टेकवला तर तापतो.

त्या चौकोनाचा दुसरा भाऊ म्हणजे चित्राच्या वर-खाली दिसणाऱ्या करड्या पट्ट्या. प्रोजेक्टर १६:१०चा आणि व्हिडिओ १६:९चा असला की हे होतं. झालर थोडी खाली घ्या, खाली काळं फ्लॅट (चौकटीवर ताणलेलं कापड) उभं करा. मी तर चित्राच्या चारही कडा फाइलमध्येच काळ्यात विरघळवतो. चौकट दिसली की प्रेक्षकाला टीव्ही आठवतो, कड दिसली नाही तर तो कापडावरच्या ओलीकडे बघतो.

नदी अडखळते याची दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही एकदमही असू शकतात. एक, फाइलचा प्रकार. फोनमधून किंवा एडिटिंगमधून येणारी एच.२६४ फाइल दोन-तीन सेकंदांत एखादीच चौकट पूर्ण साठवते, मधल्या चौकटी म्हणजे नुसता फरक. सलग बघायला ती उत्तम, पण क्यूवर (ठरलेल्या इशाऱ्यावर) झटकन सुरू करायला, लूपला आणि दोन व्हिडिओ एकमेकांत विरघळवायला लॅपटॉपला घाम फुटतो. प्रत्येक चौकट पूर्ण साठवणाऱ्या हॅप किंवा प्रोरेस प्रकारात बदलून घ्या. फाइल फुगेल. फुल एचडी हॅपची एक चौकट साधारण १ एमबी धरा, म्हणजे सेकंदाला २५ एमबी, त्यामुळे पेनड्राइव्हवरून चालवू नका, एसएसडीवर ठेवा. दोन, गतीचा बेबनाव. व्हिडिओ सेकंदाला २५ चौकटींचा आणि लॅपटॉपचं आउटपुट ६० हर्ट्झ. साठाला पंचवीसने भाग जात नाही, मग काही चौकटी दोनदा दिसतात, काही तीनदा. हाणामारीच्या दृश्यात कळत नाही, संथ वाहणाऱ्या पाण्यात लगेच कळतं. आउटपुट ५० हर्ट्झवर ठेवा, प्रोजेक्टर तो बहुधा घेतो. नाही घेतला तर व्हिडिओच ३० चौकटींचा करा.

डेस्कटॉप का दिसला याचं उत्तर वायरीत आहे. बहुधा एचडीएमआयची वायर क्षणभर हलली, लॅपटॉपला वाटलं दुसरा पडदा गेला, आणि त्याने सगळ्या खिडक्या स्वतःच्या मर्जीने मांडल्या. वायर दोन्ही टोकांना बांधून टाका. मध्ये छोटा ईडीआयडी इम्युलेटर बसवला तर वायर निघाली तरी लॅपटॉपला पडदा आहे असंच वाटत राहतं. स्वस्त वस्तू आहे, माझ्या पेटीत कायम दोन असतात. सुरू करण्याचा क्रमही पाळा: आधी प्रोजेक्टर, मग वायर, मग लॅपटॉप. उलट केलं की कधी कधी १०२४ बाय ७६८चं चित्र मिळतं आणि सगळ्यांचा वेळ त्यात जातो.

साधी एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरच्या पुढे मला भरवशाची वाटत नाही. चित्रावर पांढरे ठिपके उडायला लागले की समजायचं, वायर दमली. लांबीसाठी कॅट-६ वायरीवरचा (नेटवर्कच्या वायरीवरून चित्र नेणारा) एचडीबेस-टी संच किंवा एसडीआय (व्हिडिओची वेगळी, लांब पल्ल्याची वायर) वापरा. दोन्ही शंभर मीटरच्या आसपास जातात. ऑप्टिकल एचडीएमआय असेल तर तिला दिशा असते, टोकांवर ‘सोर्स’ आणि ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. एकदा आम्ही चाळीस मीटर वायर छताच्या माळ्यावरून ओढली आणि मग ते वाचलं. वायर डिमरच्या तारांना समांतर नेऊ नका, ओलांडायचीच तर काटकोनात. आणि लॅपटॉपचा आवाजही मिक्सरला जात असेल आणि स्पीकरमध्ये घुंई येत असेल तर चार्जर काढून बघा. घुंई गेली तर तो अर्थिंगचा लूप आहे, मध्ये आयसोलेशनवाला डीआय बॉक्स (विजेचा थेट जोड तोडून फक्त आवाज पुढे देणारी डबी) घाला. चार्जरविना प्रयोग करायचा मोह नको.

सॉफ्टवेअरबद्दल विचारलं होतंत. मॅक असेल तर क्यूलॅब, त्याचा परवाना दिवसाच्या भाड्यानेही मिळतो. विंडोजवर रेझोल्यूम अरेना चालतं, थोडं डीजेंच्या जगातलं आहे पण मॅपिंग (चित्राचे कोपरे ओढून पडद्यावर बसवणं) छान. पॉवरपॉइंटची मी चेष्टा करत नाही, तीन क्यूंच्या एकांकिकेला पुरतं. व्हीएलसी मात्र प्रयोगात नको. ते सुरुवातीला फाइलचं नाव पडद्यावर दाखवतं आणि यादी संपली की आपला नारिंगी शंकू. एका शोकांतिकेत आई मुलाच्या प्रेताशेजारी बसलेली, पडद्यावर चिता विझली, आणि तो शंकू अवतरला. टाळ्यांना तीन सेकंद उशीर झाला, तेवढ्यात तो सगळ्यांनी पाहिला. सेटिंग बदलून हे दोन्ही बंद करता येतं, पण प्रयोगाच्या दिवशी कोण लक्षात ठेवतं?

कोणतंही सॉफ्टवेअर असलं तरी दुसऱ्या पडद्याचं वॉलपेपर निखळ काळं, नोटिफिकेशन बंद, वायफाय बंद, अपडेट थांबवलेले, स्लीप ‘नेव्हर’, आणि झाकण मिटलं तरी लॅपटॉप जागा. पहिला क्यू म्हणून एक ग्रिड आणि मध्ये वर्तुळ असलेलं चित्र ठेवा. वर्तुळ गोल दिसलं, चारही कडा दिसल्या, की पुढे. प्रोजेक्टर तापल्यावर लेन्स किंचित सरकते, त्यामुळे फोकस लावल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा बघा. स्पर्धेत सेट लावायला मोजका वेळ मिळतो, म्हणून आधीच्या जागेवर जुळवलेलं मॅपिंग तिथे जसंच्या तसं बसेल या भ्रमात राहू नका. नवीन नाट्यगृहात चार कोपरे पुन्हा ओढायला वीस मिनिटं बाजूला काढून ठेवा, आणि ती कुणाला देऊ नका. व्हिडिओचा आणि लाइटचा ऑपरेटर शेजारी शेजारी बसू द्या, एकाच संहितेवर दोघांचे क्यू लिहा. ब्लॅकआउट संपण्याच्या किंचित आधी नदी यायला लागली पाहिजे. दोघं वेगवेगळ्या टोकांना बसले की हा ‘किंचित’ जमत नाही.

एलईडी वॉलचं म्हणाल तर तिचं काळं खरंच काळं असतं, हे कबूल. पण ती स्वतःच एवढी उजेडाची की दहा-वीस टक्क्यांवर आणावी लागते, आणि स्वस्त पॅनेल तिथे आणलं की गडद रंगांच्या छटा तुटतात, पाण्यात पायऱ्या दिसतात. पुढे उभा नट काळी बाहुली होतो, मग त्याला समोरून जास्त उजेड, मग वॉल पुन्हा वर. शिवाय पहिल्या रांगेला ठिपके दिसतात. नाच-गाण्याच्या कार्यक्रमाला हरकत नाही. बुडालेल्या गावाच्या आठवणीला ते पाणी फार टणक वाटेल.

पडदा कोणता? नाट्यगृहाचा सायक्लोरामा (मागचा मोठा पांढरा पडदा) वापरणार असाल तर आधी जाऊन बघा: शिवणी, डाग, चुण्या, एखादं भोक. एसीच्या झोतात तो हलतो तेही बघा. तुम्हाला नदीच दाखवायची आहे, तेव्हा थोडं हललं तर बरंच. जमलं तर स्वतःचा मांजरपाट घेऊन जा. त्याचा मळकट रंग सांडलेला उजेड थोडा गिळतो, आणि चित्राला जुनेपण येतं. खाली पाइप घालून ताणा. पडद्याच्या पुढे, नटाच्याही पुढे चित्र हवं असेल तर मच्छरदाणीची काळी जाळी, पण मग प्रोजेक्टर बराच वरून हवा. नाहीतर जाळीतून निसटलेलं चित्र मागच्या पडद्यावर दुसऱ्यांदा उमटतं. उघड्या रंगमंचावर हे करू नका. पावसाळ्यानंतरच्या एका प्रयोगात लेन्ससमोर पतंग बसला आणि जाळीवर गिधाडाएवढा झाला. प्रेक्षक हसले, नायिका रडत होती.

राहिली आजीची पत्रं, आणि मला वाटतं या नाटकाची खरी जागा तीच आहे. अक्षरं तुम्ही सॉफ्टवेअरच्या टेक्स्टच्या खिडकीत टाइप केली असतील तर थांबा. व्हिडिओची बरीच सॉफ्टवेअर देवनागरी जोडाक्षरं फोडतात, वेलांटी भलत्या अक्षरावर टाकतात. ‘निर्वासित’ शब्दाचं काय झालं होतं ते मी इथे लिहीत नाही. खरं पत्र लिहवून घ्या, स्कॅन करा, चित्र म्हणून घाला. कुणाच्या तरी आजीचंच अक्षर मिळालं तर सोनं. कागद पांढरा ठेवू नका, काळ्यावर उजेडाची अक्षरं ठेवा, म्हणजे चौकोन उजळणार नाही. वीस मीटरवरच्या रांगेला वाचता यायचं तर अक्षर पंधरा-वीस सेंटिमीटर उंच हवं, रेघ जाड, आणि दोन ओळींत एवढी जागा की वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकणार नाही. पूर्ण पत्र कुणी वाचत नाही. तीन-चार शब्द वाचले जातात, बाकीचं अक्षराचं वळण बघितलं जातं. पात्र तोंडाने पत्र वाचत असताना तेच मागे लिहून दाखवू नका, प्रेक्षक वाचायला लागतो आणि नटीचा चेहरा हातचा जातो. डोळा नेहमी हलत्या आणि उजळ गोष्टीकडे पळतो.

मी असतो तर पत्र मागच्या मोठ्या पडद्यावर टाकलंच नसतं. एक दुसरा छोटा, ३००० लुमेनचा प्रोजेक्टर घ्या, असा ऑफिसात किंवा शाळेत उसना मिळतो. चित्र फक्त दीड मीटर रुंद ठेवलं तर क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण २४०० लक्स. नदीपेक्षा सहापटीहून जास्त. रंगमंचावर दिवे असतानाही ते उठून दिसेल. ते पडू दे आजीच्या दोरीवर वाळत घातलेल्या नऊवारीच्या पदरावर, किंवा नातीने घडी करायला झटकलेल्या चादरीवर. घडी घातली की पत्र तिच्याबरोबर मिटेल, क्यूची गरजही नाही. उद्याच्या तालमीत ट्यूबलाइट चालू ठेवून दीड मीटर मांजरपाट दोघांनी धरा आणि घरातल्या कुणाच्याही जुन्या पत्राचा फोटो त्यावर टाकून बघा. अंतर थ्रो रेशोवरून काढा: दीडची लेन्स असेल तर सव्वादोन मीटर. धरणाऱ्याचा हात थोडा थरथरू द्या.